छोट्या जुन्या घरासाठी हीट पंप: किलोवॅटच्या आधी पाण्याचं तापमान ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमध्ये रीडिंगला व्हिक्टोरियन काळातलं विटांचं टेरेस घर, म्हणजे रांगेतलं, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या सामाईक भिंती. क्षेत्रफळ ७८ चौरस मीटर, राहणारी माणसं तीन. कॉम्बी बॉयलर (टाकीशिवाय हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही देणारा) बारा वर्षांचा झालाय, वर्षाला ११,६०० युनिट (किलोवॅट-तास) गॅस लागतो. तीन कोटेशनं आली. पहिला म्हणतो ५ किलोवॅटचा हीट पंप पुरे. दुसरा म्हणतो साडेआठ हवा. तिसरा म्हणतो जुन्या घराला हीट पंप चालतच नाही, आधी भिंती इन्सुलेट करा. यातलं खरं काय आणि कंपनी कुठली घ्यावी?

कंपनीचं मी अगदी शेवटी बोलेन, कारण या निर्णयात तिचं वजन सगळ्यात कमी आहे. खरा प्रश्न दोन आकड्यांचा आहे. कडाक्याच्या थंडीत तुमचं घर ताशी किती उष्णता गमावतं, आणि तेवढी उष्णता खोल्यांत पोचवायला रेडिएटरमध्ये किती अंशांचं पाणी सोडावं लागेल. पहिल्या आकड्यावरून पंपाचा आकार ठरतो. दुसऱ्यावरून पुढची पंधरा-वीस वर्षं येणारं विजेचं बिल ठरतं.

हीट पंप म्हणजे उलटा चालवलेला एसी. आपल्याकडे एसी खोलीतली उष्णता बाहेर टाकतो, हा बाहेरच्या थंड हवेतली उष्णता ओढून आतल्या पाण्याला देतो. पाणी जितकं जास्त तापवायचं तितका कॉम्प्रेसरला चढ मोठा. साधारण हिशेब असा की पाण्याचं तापमान एका अंशानं वाढवलं की कार्यक्षमता दोन ते तीन टक्क्यांनी घटते. गॅस बॉयलरला हे गणित फारसं लागू नाही. तो २४ किलोवॅटच्या जोरावर ६५-७० अंशांचं पाणी तासभर फेकतो, घर तापलं की बंद होतो. हीट पंप मंद आचेवर दिवसभर चालतो. त्यामुळे बॉयलरच्या सवयीनं हीट पंपाचा आकार निवडला की चूक होतेच.

आता तुमच्याच बिलावरून घराची गरज काढू. हे कोणालाही करता येतं आणि सर्व्हेच्या कागदापेक्षा मी याच्यावर जास्त विश्वास ठेवतो.

जून, जुलै, ऑगस्टमधला गॅस पाहा. हीटिंग बंद असताना जो लागतो तो आंघोळीचा आणि स्वयंपाकाचा. तो महिन्याला १९० युनिटांच्या आसपास असेल तर वर्षाचा २,३०० धरा. उरले ९,३०० युनिट घर तापवायला. बारा वर्षांच्या बॉयलरची प्रत्यक्ष कार्यक्षमता ८७ टक्के धरली तर घरात पोचलेली उष्णता सुमारे ८,१०० युनिट. थेम्सच्या खोऱ्यात १५.५ अंशांचा पाया धरून वर्षाला साधारण १,९०० अंश-दिवस भरतात, म्हणजे बाहेर रोज त्या पायापेक्षा जितके अंश कमी, त्यांची वर्षाची बेरीज. ८,१०० युनिटांना १,९०० ने आणि २४ तासांनी भागलं की बाहेरच्या तापमानातल्या प्रत्येक अंशामागे १७८ वॅट हा आकडा मिळतो. तुमच्या भागात डिझाइनसाठी, म्हणजे पंपाचा आकार ठरवायला, बाहेर उणे २ अंश धरतात. आत २० हवे, म्हणजे फरक २२ अंशांचा. १७८ गुणिले २२, म्हणजे ३.९ किलोवॅट.

पडताळा घ्यायला दोन सोप्या वाटा आहेत. एक ठोकताळा असा की वर्षाच्या गॅसच्या युनिटांना २,९०० ने भागायचं. ११,६०० भागिले २,९०० म्हणजे बरोबर ४ किलोवॅट. दुसरी वाट स्मार्ट मीटरची. गेल्या हिवाळ्यात ज्या दिवशी सरासरी तापमान शून्याच्या जवळ होतं, त्या दिवसाचा गॅस काढा. तो ८० ते ८५ युनिट निघाला तर आंघोळीचे सहा-सात वजा करून, ८७ टक्क्यांनी गुणून, चोवीस तासांत वाटले की तीन किलोवॅटच्या आतबाहेर येतात. वरचा ३.९ यापेक्षा थोडा जास्त आहे, कारण त्यात उणे २ अंश धरलेत आणि माणसं, स्वयंपाक, खिडकीतून येणारं ऊन यांची फुकटची उष्णता मोजलेली नाही. तिन्ही उत्तरं एकमेकांशी जुळत असतील तर आकडा पक्का समजा.

हे सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे: आत्ता तुम्ही घर कसं तापवता. फक्त संध्याकाळी चार तास हीटिंग लावून बाकी वेळ स्वेटर-शालीत काढत असाल, मागची खोली बंद ठेवत असाल किंवा बेडरूममध्ये वेगळा इलेक्ट्रिक हीटर असेल, तर गॅसचं बिल घराची खरी गरज कमी दाखवतं. तसं असेल तर दहा ते वीस टक्के वाढवा. हिवाळ्यात भारतातून आई-वडील येऊन राहणार असतील आणि त्यांना २२ अंश लागणार असतील, तर १७८ ला २४ ने गुणा. ४.३ किलोवॅट होतात. यांतलं कुठलंही एक धरलं तरी साडेचार-पावणेपाचच्या पुढे आपण जात नाही. पहिला इन्स्टॉलर बरोबर आहे.

मग दुसऱ्याचा साडेआठ आला कुठून? तो मुद्दाम फसवत असेल असं नाही. खोलीनिहाय हिशेबाच्या रूढ तक्त्यांत जुन्या घरांसाठी हवा बदलण्याचं प्रमाण फार मोठं धरलेलं असतं, तासाला दीड-दोन वेळा. तुमच्या घराचं घनफळ २०० घनमीटरच्या आसपास आहे. ही सगळी हवा तासातून एकदा बदलली तर उणे २ अंशांना सुमारे दीड किलोवॅट उष्णता जाते. तासाला १.८ वेळा धरलं की केवळ हवेपायी २.७ किलोवॅट. प्रत्यक्षात खिडक्या बदललेल्या, शेकोट्या बुजवलेल्या घरात हे प्रमाण ०.६ ते ०.७ च्या आसपास असतं, म्हणजे एक किलोवॅट. दुसरी ठरलेली चूक सामाईक भिंतींची. शेजारचं घर तापवलेलं असेल तर त्या भिंतीतून उष्णता जवळपास जात नाही. पण हिशेबात शेजारी १० अंश धरले की आकडा फुगतो. वर 'असू दे सुरक्षेसाठी' म्हणून वीस टक्के, गरम पाण्यासाठी आणखी थोडे, की चाराचे साडेआठ व्हायला वेळ लागत नाही. त्याच्याकडून हिशेबाचा कागद मागून हवाबदलाचा आणि सामाईक भिंतींचा रकाना तपासा.

मोठा पंप घेतला तर बिघडलं कुठे, असं वाटेल. बिघडतं ते असं. प्रत्येक पंपाला एक किमान उत्पादन असतं. त्याच्या खाली तो उतरू शकत नाही, चालू-बंद होत राहतो. ५ किलोवॅटच्या चांगल्या यंत्राचं किमान २ किलोवॅटच्या आसपास, साडेआठच्या यंत्राचं ३ च्या पुढे. मॉडेलप्रमाणे हे बदलतं, पण तुमच्या घराला लावून पाहा. बाहेर ४ अंश असताना घराला साधारण २ किलोवॅट लागतात. म्हणजे छोटा पंप ४ अंशांखाली सलग, संथ चालेल. साडेआठचा पंप सलग चालायला बाहेर उणे दीड-दोन अंश तरी हवेत, आणि तसे दिवस तिथे वर्षात मोजकेच येतात. बाकी सगळा हिवाळा तो चालू-बंद होत काढेल. प्रत्येक सुरुवातीला वीज वाया जाते, कॉम्प्रेसर झिजतो, आवाज येतो. आणखी एक खबरदारी घ्या. काही उत्पादक एकाच यंत्राला सॉफ्टवेअरची मर्यादा घालून लहान-मोठ्या नावांनी विकतात. कागदावर ५ लिहिलेलं असलं तरी त्याचं किमान उत्पादन मोठ्या भावाइतकंच निघू शकतं. माहितीपत्रकात 'किमान' हा आकडा शोधाच.

त्याच माहितीपत्रकात दुसरी गोष्ट पाहायची. नावातला '५' बहुधा बाहेर ७ अंश आणि पाणी ३५ अंश असतानाचा असतो. तुम्हाला हवा तो बाहेर उणे २ ते उणे ३ आणि पाणी ४५ असतानाचा. कुणाचा तिथेही ५ टिकतो, कुणाचा सव्वाचारवर येतो. बर्फ वितळवण्याची वजावट त्यात धरलेली आहे का, तेही विचारा. इंग्लंडमध्ये शून्य ते पाच अंशांची दमट हवा हेच खरं संकट असतं. बाहेरच्या युनिटच्या धातूच्या पातळ पट्ट्यांवर दहिवर गोठतं आणि पंपाला मधूनमधून उलटं चालून ते वितळवावं लागतं. कोरड्या उणे पाचपेक्षा दमट दोन अंश पंपाला जड जातात.

आता रेडिएटर. माझ्या मते खर्च करायचाच असेल तर सगळ्यात आधी इथे करा.

रेडिएटरच्या पाठीवर किंवा कॅटलॉगमध्ये लिहिलेले वॅट हे पाणी खोलीपेक्षा सरासरी ५० अंशांनी जास्त गरम असतानाचे असतात. हीट पंपानं ४५ अंशांचं पाणी सोडलं आणि ते ४० होऊन परत आलं, तर सरासरी ४२.५, म्हणजे २० अंशांच्या खोलीपेक्षा २२.५ अंश जास्त. या फरकाला रेडिएटर छापील आकड्याच्या ३५ टक्केच उष्णता देतो. ५० अंशांचं पाणी सोडलं तर ४६ टक्के, ५५ ला ५७ टक्के. हे तीन आकडे वहीत लिहून ठेवा आणि टेप घेऊन घरभर फिरा.

समजा बाहेर आलेली खिडकी (बे विंडो) असलेल्या पुढच्या खोलीला कडाक्याच्या थंडीत १,००० वॅट लागतात. तिथे ६०० मि.मी. उंच, १,२०० लांब, एका पत्र्याचा आणि एका पन्हळीचा रेडिएटर आहे. इन्स्टॉलर त्याला टाइप ११ म्हणतात. त्याची छापील क्षमता साधारण १,१८०. ४५ अंशांच्या पाण्यावर तो चारशे-सव्वाचारशे वॅट देईल. खोली गार राहणार. त्याच मापाचा टाइप २२, म्हणजे दोन पत्रे आणि दोन पन्हळी, साधारण २,०५० वॅटचा असतो. त्यातून सव्वासातशे मिळतील. टाइप ३३ घेतला तर हजार मिळतात, पण तो भिंतीपासून पंधरा-सोळा सेंटीमीटर पुढे येतो, सोफा सरकवावा लागतो. अशा खोलीत मी दोन पर्याय समोर ठेवतो. खिडकीखाली टाइप ३३, किंवा खिडकीखाली टाइप २२ आणि समोरच्या भिंतीवर एक उभा रेडिएटर. ५० अंशांवर टाइप २२ जवळजवळ पुरतो, पण त्या पाच अंशांची किंमत दरवर्षी बिलात भरत राहाल.

सगळे रेडिएटर बदलायची गरज सहसा नसते. बेडरूममध्ये पूर्वी कुणी तरी गरजेपेक्षा मोठे बसवलेले असतात, आणि तिथे १८ अंश चालतात. तुमच्यासारख्या घरात सात-आठांपैकी तीन किंवा चार बदलावे लागतात: पुढची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि मागची वाढवलेली खोली. सगळ्यात कमजोर खोली संपूर्ण घराच्या पाण्याचं तापमान ठरवते. एका न्हाणीघरासाठी घरभर ५५ अंशांचं पाणी फिरवणं हा तोट्याचा व्यवहार आहे. तिथे एक रेडिएटर बदलून टाका.

पैसे खर्च करण्याआधी एक प्रयोग फुकटात होतो. कॉम्बी बॉयलरवर हीटिंगच्या पाण्याचं तापमान वेगळं ठरवता येतं. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ते ५० अंशांवर आणा, थर्मोस्टॅट दिवसभर २० वर ठेवा, रेडिएटरचे सगळे व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि दोन-तीन दिवस राहून पाहा. कुठली खोली मागे पडते ते आपोआप कळेल. ज्यांच्याकडे कॉम्बी नाही, टाकीत पाणी साठवणारा बॉयलर आहे, त्यांनी हा प्रयोग जपून करावा. तिथे एकच तापमान असेल तर साठवलेलं पाणीही कोमट राहतं आणि लिजिओनेला जीवाणूंचा धोका उभा राहतो.

पाइपांकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. बॉयलरमध्ये पाणी रेडिएटरमधून जाताना वीस अंशांनी थंड होतं, हीट पंपात पाचच अंशांनी. तेवढीच उष्णता वाहायला चौपट पाणी फिरावं लागतं. ५ किलोवॅटला मिनिटाला १४ ते १५ लिटर. पाण्याचा वेग सेकंदाला ०.९ मीटर धरला तर २२ मि.मी. तांब्याच्या पाइपमधून ६ किलोवॅट जातात, १५ मधून पावणेतीन, १० मधून १.१ आणि ८ मधून जेमतेम ०.७. त्यामुळे पंपापासून पहिल्या फाट्यापर्यंत २२ हवाच, २८ मिळाला तर उत्तम. सत्तर-ऐंशीच्या दशकात हीटिंग बसवलं असेल तर बारीक १० किंवा ८ मि.मी.चे पाइप असण्याची शक्यता आहे. कुणी 'सगळे उपटावे लागतील' म्हणालं तर घाबरू नका. ६०० वॅटच्या बेडरूमला १० मि.मी. पुरतो. पुढच्या खोलीला मात्र १५ चा नवा पाइप घ्या, लाकडी जमिनीखालून तो सहज जातो.

जुन्या पाइपांतला काळा गाळ धुऊन काढणं आणि चुंबकीय फिल्टर बसवणं कोटेशनमध्ये लिहिलेलं असावं. ते नसेल तर पंपाचा बारीक वाटांचा उष्णता-विनिमयक पहिल्याच वर्षी तुंबायला लागतो.

कॉम्बी गेला की गरम पाण्याची टाकी येते, आणि छोट्या घरात खरी अडचण हीच आहे. तिघांना १५० लिटर पुरते का? हिवाळ्यात नळाचं पाणी ८ अंश धरू. १५० लिटर ५० अंशांच्या पाण्यातून ४० अंशांचं जवळजवळ २०० लिटर पाणी तयार होतं. बादलीनं आंघोळ करणाऱ्यांच्या दहा बादल्या, किंवा मिनिटाला ८ लिटरच्या शॉवरचे २४ मिनिट. टाकी पुन्हा तापायला दीड तास लागतो आणि त्या वेळात रेडिएटर थांबतात. कुणी टबात आंघोळ करत असेल किंवा पाहुणे वरचेवर येत असतील तर २०० लिटर घ्या. जागा तितकी नसेल तर सडपातळ टाकी ४८ सेंटीमीटरच्या आसपास व्यासाची मिळते. जिन्याखाली किंवा बेडरूमच्या कोपऱ्यात कपाट करून ती बसते. लॉफ्टमध्ये, म्हणजे पोटमाळ्यावर, ठेवायची असेल तर भरलेल्या टाकीचं अडीचशे किलोंच्या आसपासचं वजन जुन्या तुळयांवर येणार, हे कुणाकडून तरी तपासून घ्या.

टाकी हीट पंपासाठी बनवलेलीच हवी. आतल्या वेटोळ्याचं क्षेत्रफळ दोन ते तीन चौरस मीटर असतं, बॉयलरच्या जुन्या टाकीत ते एकही नसतं. वेटोळं लहान असेल तर पंप उष्णता टाकू शकत नाही, पाणी ५० पर्यंत चढत नाही, आणि मग गुपचूप टाकीतला विजेचा इमर्शन हीटर चालू होऊन बिल वाढतं. रोजचं तापमान ४८ ते ५० ठेवा, आठवड्यातून एकदा ६० पर्यंत नेण्याची वेळ लावून घ्या. मुख्य नळाच्या दाबावर चालणारी टाकी बसवायला त्या कामाचं वेगळं प्रमाणपत्र लागतं, आणि तिच्या सुरक्षा-व्हॉल्व्हचा पाइप घराबाहेर काढावा लागतो. टाकीची जागा ठरवताना हा पाइप कुठून जाणार ते आधी पाहा.

बाहेरचं युनिट मागच्या अंगणातच जाणार. इंग्लंडमध्ये शेजाऱ्याच्या हद्दीपासून एक मीटर अंतराची अट मे २०२५ मध्ये काढली गेली, त्यामुळे टेरेस घरांची मोठी अडचण सुटली. आवाजाचा हिशेब मात्र करावाच लागतो, शेजाऱ्याच्या सर्वात जवळच्या खोलीच्या खिडकीपाशी. दोन भिंतींच्या कोनाड्यात युनिट ठेवलं तर आवाज परावर्तित होऊन वाढतो, शिवाय पंख्यानं सोडलेली थंड हवा तिथेच घोटाळून परत आत खेचली जाते. मोकळ्या बाजूला तोंड, मागे तीसेक सेंटीमीटर, पुढे एक मीटर मोकळं. आता बरीच नवी यंत्रं आर-२९० म्हणजे प्रोपेनवर चालतात. कार्यक्षमतेला आणि हवामानाला ते चांगलं आहे, पण प्रोपेन हवेपेक्षा जड आणि ज्वलनशील. म्हणून युनिटभोवती साधारण मीटरभर क्षेत्रात दार, उघडणारी खिडकी, जमिनीलगतची हवेची जाळी किंवा सांडपाण्याचं तोंड नसावं लागतं. व्हिक्टोरियन घराच्या मागच्या बोळात नेमकं हे सगळं एकत्र असतं. अचूक अंतरं त्या मॉडेलच्या पुस्तिकेतली घ्या. वितळलेल्या बर्फाचं पाणी खडी भरलेल्या खड्ड्यात जाऊ द्या. ते फरशीवर वाहिलं तर रात्री गोठून तिथे पाय घसरतो. घर संवर्धन क्षेत्रात किंवा वारसा यादीत असेल तर कौन्सिलला आधी विचारा.

विजेचं एक जुनं दुखणं टेरेस घरांत हमखास निघतं: दोन घरांना मिळून एकच केबल. मीटरपाशी मुख्य फ्यूजमध्ये दोन जाड केबली जाताना दिसल्या तर शंका घ्या आणि फोटो काढून वीज वितरण कंपनीला पाठवा. केबल वेगळी करायला महिने लागू शकतात, म्हणून हे काम सगळ्यात आधी सुरू करा. पंप स्वतः फार वीज ओढत नाही, ५ किलोवॅटचा पंप भर थंडीत दोनेक किलोवॅट घेतो. पण जुना ६० अँपिअरचा फ्यूज, त्यावर इलेक्ट्रिक शॉवर, इंडक्शन आणि गाडीचं चार्जिंग असं सगळं चढलं तर तो बदलून घ्यावा लागेल.

आता तिसऱ्या इन्स्टॉलरचं म्हणणं. नऊ इंची भरीव विटांच्या भिंतीतून उष्णता जाते, यात शंका नाही. पण ती गळती धरूनच तुमचं घर ३.९ किलोवॅटवर आलंय. दोन भिंती शेजाऱ्यांच्या आहेत, बाहेर उघड्या फक्त पुढची, मागची आणि मागच्या भागाची बाजू. हीट पंपासाठी भिंत इन्सुलेट करणं आवश्यक नाही. लॉफ्टमध्ये २७० मि.मी. लोकर, दारं-खिडक्यांच्या फटी, वापरात नसलेल्या धुराड्याचं तोंड, पोटमाळ्याच्या झाकणाची कड, एवढं करा. यात पैसे कमी आणि फरक लगेच जाणवणारा आहे. लाकडी जमिनीखालच्या हवेच्या जाळ्या मात्र कधीही बुजवू नका, तुळया कुजतात. आतून भिंतीला फोमचे तक्ते मारण्याची घाई तर मुळीच नको. भरीव विटांची भिंत पावसाचं पाणी शोषते आणि आतबाहेर सुकते. एक बाजू बंद केली की ओल तक्त्यामागे आणि तुळयांच्या टोकांशी साठते. करायचंच असेल तर वाफ जाऊ देणारं, लाकडी तंतू आणि चुन्याच्या गिलाव्याचं काम करा, आणि आधी गळके पन्हाळे आणि सिमेंटनं भरलेले विटांचे सांधे दुरुस्त करा.

इंग्लंड-वेल्समध्ये ऑक्टोबर २०२३ पासून हवेवरच्या हीट पंपाला ७,५०० पौंडांचं अनुदान आहे. लॉफ्ट किंवा भिंतींचं काम आधी केलंच पाहिजे ही त्याची जुनी अट मे २०२४ मध्ये काढली गेली. अर्ज एमसीएस प्रमाणपत्र (अशा कामांसाठीचं तिथलं दर्जाचं प्रमाणपत्र) असलेला इन्स्टॉलर करतो, रक्कम बिलातून वजा होते. कामावर मार्च २०२७ अखेरपर्यंत व्हॅट शून्य आहे.

बिलाचं गणित मोकळेपणानं पाहू. सोयीसाठी वीज २६ पेन्स, गॅस ६.३ पेन्स धरतो, तुम्ही तुमचे दर घाला. सध्या गॅसचे सुमारे ७३० पौंड जातात, शिवाय वर्षाचा स्टँडिंग चार्ज, म्हणजे वापर असो-नसो लागणारा स्थिर आकार, शंभराच्या वर. घराला आणि आंघोळीला मिळून १०,००० युनिट उष्णता लागते. वर्षाची सरासरी कार्यक्षमता २.७ पडली, म्हणजे एका युनिट विजेतून २.७ युनिट उष्णता मिळाली, तर विजेचे ९६० पौंड, ३.२ ला ८१०, ३.८ ला ६८५. म्हणजे ४५ अंशांवर नीट बसवलेला पंप गॅसच्या बरोबरीनं किंवा थोडा स्वस्त पडतो, ५५ अंशांवर घाईनं बसवलेला स्पष्ट महाग. हीट पंपासाठीचे वेगळे वीजदर घेतले तर चित्र आणखी सुधारतं. गॅसचा स्टँडिंग चार्ज वाचवायचा तर शेगडीही जायला हवी. आपल्या स्वयंपाकात हा खरा प्रश्न आहे, कारण जाळीवर फुलके फुगवणं इंडक्शनवर होत नाही. बिडाचा तवा मात्र छान तापतो, फडक्यानं दाबून फुलके फुगतात, भाकरीही होते. मन मानत नसेल तर गॅस ठेवा, फक्त त्या शंभरेक पौंडांचं भान ठेवा.

कोटेशन हातात आलं की मी चार गोष्टी शोधतो. खोलीनिहाय उष्णतेचा तक्ता. डिझाइनचं पाण्याचं तापमान, ते ४५ किंवा खाली असावं. कुठले रेडिएटर बदलणार त्यांची मापं. आणि पंप आणि रेडिएटर यांच्या मध्ये पाणी साठवणारी चार तोंडांची बफर टाकी आहे का. ही बफर टाकी छोट्या घरात बहुतेक वेळा नकोच. गरम आणि परतीचं पाणी तिच्यात मिसळतं, पंप ५० अंशांचं पाणी बनवतो आणि रेडिएटरला ४५ चं मिळतं. बर्फ वितळवण्यापुरतं पाणी कमी पडत असेल तर परतीच्या पाइपवर दोन तोंडांची छोटी टाकी पुरते. प्रत्येक खोलीला वेगळा झोन करून देऊ म्हणणाऱ्यालाही नको म्हणा. झोन बंद झाले की पाण्याचा प्रवाह घटतो आणि पंप पुन्हा चालू-बंद व्हायला लागतो.

कंपनी? प्रोपेनवर चालणारा, उणे ३ अंशांना ४५ च्या पाण्यावर साडेचार-पाच किलोवॅट देणारा, किमान उत्पादन दोनच्या आसपासचा कुठलाही मान्यताप्राप्त पंप चालेल. त्यांतून तुमचा इन्स्टॉलर ज्याची रचना आणि कंट्रोलर तोंडपाठ जाणतो तो घ्या. चांगल्या कंपनीचा चुकीचा लावलेला पंप मी सर्व्हेत वारंवार पाहतो, आणि दोष बहुधा एकाच ठिकाणी असतो: पाण्याचं तापमान ५० किंवा ५५ वर कायमचं ठेवलेलं.

ते तसं राहू देऊ नका. बाहेरच्या तापमानाप्रमाणे पाणी बदलणारा वक्र चालू करून घ्या. सुरुवातीला बाहेर उणे २ असताना ४५ आणि बाहेर १५ असताना २८ च्या आसपास. बसण्या-उठण्याच्या खोल्यांतले रेडिएटरचे व्हॉल्व्ह पूर्ण उघडे, थर्मोस्टॅट हव्या त्या तापमानाच्या एक-दोन अंश वर, म्हणजे तो मध्ये येत नाही. मग वक्र एका टप्प्यानं खाली आणा आणि दोन दिवस थांबा. विटांचं घर सावकाश प्रतिसाद देतं, त्यामुळे तासाभरात निष्कर्ष काढून परत वर नेऊ नका. घर गार वाटायला लागलं की एक टप्पा वर, तिथेच थांबा. रात्री फार तर दोन अंश उतरवा. पूर्ण बंद केलंत तर सकाळी तो छोटा पंप घर वेळेत वर आणू शकत नाही. पहिल्या डिसेंबरात इमर्शन हीटरची वीज वेगळी मोजली जाते का ते कंट्रोलरवर पाहा. आठवड्याच्या ६० अंशांच्या फेरीशिवाय तो चालू झालेला दिसला, तर इन्स्टॉलरला त्याच आठवड्यात बोलवा.